मावसभाऊ म्हटलं की मावशी आली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्यातले आठ-नऊ जण दोन मुलांच्या प्रेमाचा फार्स बसवताय. ओंकार देशपांडे आणि समीर शिंदे कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहतात. ओंकारच्या मित्राने, बंटीने, गंमत म्हणून ओंकारचा फोटो लावून डेटिंग अ‍ॅपवर खातं उघडलंय. त्यामुळे रविवारी सकाळी एक अनोळखी मुलगा 'डेट'साठी दारात उभा राहतो. त्याच वेळी ओंकारची आई साताऱ्याहून न कळवता येते आणि दुपारी कांदेपोह्यांना एक स्थळही बोलावून ठेवते. वाचनाला सगळे पोट धरून हसले. मग नाटक बसवायला घेतलं आणि ते वीस मिनिटांत खरोखरच बसलं. शिवाय तुमच्यातला एक जण, जो स्वतः गे आहे, म्हणाला, "यात लोक आपल्याला हसतायत." तुम्ही या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्यात. संहिता वाचल्यावर मला दुखणं एकच दिसतं.

तुमच्या प्रत्येक प्रवेशात लपवायची गोष्ट एकच आहे: ओंकार गे आहे. आईपासून लपवा, स्थळापासून लपवा, वॉचमनपासून लपवा. गुपित एकच असलं की ते वाढत नाही, नुसतं लांबतं. आणि हसायला दुसरं काही नसल्यामुळे प्रत्येक हशा जाऊन त्याच्यावरच पडतो. फार्स चालतो थापेवर. गुपित माणूस घरून घेऊन येतो. थाप तो आपल्या डोळ्यांदेखत, घाबरून मारतो, आणि ती सावरायला दुसरी मारतो. प्रेक्षक त्या धांदलीला हसतो, कारण ती त्याने स्वतः केलेली असते. गे असो वा नसो, आईशी खोटं न बोललेला माणूस नाट्यगृहात सापडायचा नाही.

थाप कुठून आणायची? तुमच्याकडे ती आहे, तुम्ही पायदळी तुडवून पुढे गेलात. पहिल्या प्रवेशात घरमालक जोशीकाका येतात, पाण्याच्या मोटरचे पैसे मागतात आणि कायमचे जातात. त्यांना परत बोलवा. पुण्यात दोन मुलांना जागा घ्यायची तर पहिला प्रश्न 'फॅमिली का बॅचलर?' पाट्यांचं गाव आहे, काही ठिकाणी विचारायचीही तसदी नको म्हणून पाटीच लावलेली असते. यावर कित्येक जोडप्यांनी मारलेली थाप म्हणजे, "आम्ही भाऊ आहोत."

आता गंमत बघा. जोशीकाका विचारणारच, "भाऊ म्हणजे कसे?" कझिन म्हणून मराठीत सुटका नाही. चुलतभाऊ म्हणावं तर आडनाव एक हवं, आणि करारावर एक देशपांडे, एक शिंदे. मामेभाऊ म्हणावं तर ओंकारच्या आईचं माहेर शिंद्यांचं निघायला हवं, आतेभाऊ म्हणावं तर समीरच्या आईचं देशपांड्यांचं. उरला मावसभाऊ. त्याला आडनावाचा पुरावा लागत नाही. म्हणून घाईघाईत ओंकारच्या तोंडून 'मावसभाऊ' निघतं आणि त्या क्षणी त्याच्या आईला एक बहीण होते. जोशीकाकांच्या भुवया तरीही वर: देशपांड्यांची मेहुणी शिंद्यांकडे कशी? समीर मदतीला धावतो, "पळून जाऊन लग्न केलं." झालं. आता मावशी आहे, तिने पळून लग्न केलंय, आणि घरच्यांनी तिच्याशी संबंध तोडलेत. ओंकारची आई खरी एकुलती एक. ती दारात येते तेव्हा जोशीकाका आवाज खाली आणून, अत्यंत आपुलकीने विचारतात, "मग, बहिणीशी बोलणं सुरू झालं का?"

थाप चांगली आहे की नाही हे ओळखायची माझी एक जुनी रीत आहे. ती मारल्यावर घरात एक माणूस वाढला पाहिजे. तुमच्या संहितेत ओंकार 'मला आज बरं नाही', 'मीटिंग आहे' असल्या थापा मारतो. त्यांतून माणूस वाढत नाही, म्हणून पुढचा प्रवेशही जन्माला येत नाही.

हे काही नवं शास्त्र नाही. देवलांचं 'संशयकल्लोळ' १९१६ चं. मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनाचं बीज इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आलं. त्यात एक तसबीर नको त्या हातात पडते आणि फाल्गुनराव-कृत्तिका या नवराबायकोला एकमेकांचा संशय येतो. तुमचा बंटीने लावलेला प्रोफाइल फोटो म्हणजे तीच तसबीर. फरक असा की देवलांची तसबीर या हातातून त्या हातात फिरते. तुमचा फोटो ज्याच्या फोनमध्ये आहे तिथेच पडून राहतो. त्याला फिरवा. तो जोशीकाकांना दिसू दे, स्थळाच्या वडिलांना दिसू दे, आणि प्रत्येकाने त्याचा वेगळा अर्थ लावू दे.

आता भाषा. इथे जरा थांबतो, कारण तुमचे संवाद वाचताना मला सारखं वाटत होतं की हे इंग्रजीत सुचलेत. ओंकार 'कपाटातून बाहेर येण्या'वर, म्हणजे गे असल्याचं उघड सांगण्याच्या इंग्रजी वाक्प्रचारावर, तीन कोट्या करतो. मराठीत कपाट म्हणजे गोदरेजचं. त्यातून साड्या आणि एफडीच्या पावत्या बाहेर येतात. या कोट्यांना तुमच्या वयाचे लोक हसतील आणि चौथ्या रांगेतल्या काकू शेजारच्या काकूंना विचारतील. काढून टाका.

त्याच्या बदल्यात मराठीचं व्याकरण वापरा. आपल्या भाषेत प्रियकराचं लिंग लपवणं महाकर्मकठीण. तो येतो, ती येते. तो गेला, ती गेली. क्रियापदच चुगली करतं. मी चौतिसाव्या वर्षी धीर करून आईला सांगायला गेलो आणि ऐनवेळी पाय लटपटले, म्हणून म्हणालो, "माझ्या आयुष्यात एक व्यक्ती आहे." व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी. आईचा चेहरा उजळला. "काय करते ती?" आता 'ती' म्हणजे व्यक्ती, व्याकरणाने अगदी शुद्ध. मी म्हणालो, "ती बँकेत आहे." पुढची सात वर्षं आमच्या घरी ती बँकेत होती. तेव्हा हसू आलं नव्हतं. नंतर मात्र मी हे दोन नाटकांत वापरलं आणि दोन्ही वेळा हशा वसूल झाला.

ओंकार आणि आईचा प्रवेश असा काहीसा लिहून बघा:

"कोण आहे?"
"आहे एक व्यक्ती."
"काय करते?"
"आर्किटेक्ट आहे."
"स्वयंपाक येतो का तिला?"
"त्यांना सगळं येतं."
"त्यांना? म्हणजे तुझ्याहून मोठी आहे?"
"…थोडी."
"किती थोडी?"
"चार वर्षं."
"आणि इतकी वर्षं लग्नाची राहिली कशी?"

ओंकार गप्प. आई स्वतःच उत्तर शोधते, "घटस्फोट झालाय का?" आणि लगेच, मोठ्या मनाने, "असू दे. हल्ली चालतं."

इथे काय झालं ते नीट पाहा. 'तिला' म्हणायचं नाही म्हणून ओंकार 'त्यांना'चा आडोसा घेतो. 'त्यांना', 'त्यांनी', 'त्यांचं' यांतून लिंग कळत नाही. पण मराठीत आदर फुकट मिळत नाही. आदर आला की वय आलं, वय आलं की भूतकाळ आला. व्याकरणाच्या एका चोरवाटेतून घरात एक थोराड, घटस्फोटित आर्किटेक्ट बाई शिरते, आणि आईने तिला मनातल्या मनात माफही करून टाकलेलं असतं. आईला दुष्ट करावं लागलं नाही, मूर्खही करावं लागलं नाही. ती जितकी समजूतदार होत जाईल तितका ओंकार खोलात जाईल.

नटालाही यात खायला मिळतं. 'जेवला का?' म्हटलं की पकडले गेलो, 'त्यांनी जेवण केलं' म्हटलं की वाचलो. म्हणजे ओंकारला क्रियापदाच्या अलीकडे दरवेळी अर्धा श्वास थांबायला हवं, खड्डा दिसल्यावर स्कूटर हळू करतात तसं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी प्रेक्षक त्याच्याबरोबर थांबायला लागतो. वॉचमनचा इंटरकॉमही असाच: "शिंदे म्हणून आहेत, वर पाठवू का?" यात बाई की पुरुष, काही कळत नाही. आई केस सारखे करते, बशीत चिवडा काढते. तुम्ही यासाठी 'किरण' हे नाव घेतलंय. बाई-पुरुष दोघांनाही चालणारं नाव म्हणून तेच नाव मी इतक्या संहितांत वाचलंय की किरण दिसला की मला पुढचं सगळं दिसतं. आडनाव आणि 'आहेत' एवढ्यावर काम भागतं.

एक पथ्य मात्र पाळा: प्रेक्षकाला सगळं आधी माहीत हवं. तुम्ही समीर हा ओंकारचा प्रियकर आहे हे पहिल्या अंकाच्या शेवटी 'उघड' करता. धक्का द्यायचा मोह मला कळतो. पण फार्समध्ये प्रेक्षकाला धक्का बसला तर तो हसायचं विसरतो. पडदा वर गेल्यावर पहिल्या दोन मिनिटांत दोघं आरामात, नेहमीच्या सवयीने, एकाच मगातून चहा पिताना दिसू देत. कुठला संवाद नको, खुलासा नको. त्यानंतर बेल वाजली की सगळं नाट्यगृह त्यांच्या बाजूने घाबरेल. तुमच्या मित्राच्या तक्रारीवरचं अर्धं औषध या दोन मिनिटांत आहे.

उरलेलं अर्धं औषध बंटीसाठी. तुमचा बंटी लचकत येतो आणि तोंड उघडण्याआधी हशा घेतो. तो हशा तुम्ही कमावलेला नाही, तो प्रेक्षक घरून घेऊन आलेला असतो आणि बंटीवर फेकतो. बायकी चालण्यावर मला आक्षेप नाही; मी स्वतः तसाच चालतो आणि त्यात बदल करायचा विचार नाही. पण आपल्या तमाशातली गवळणीतली मावशी आठवा. पुरुषच ती करतो, लचकतो, मुरडतो. तरी शब्दाला शब्द तीच देते, कृष्णाच्या पेंद्याला पुरून उरते. हशा तिच्यावर नसतो, तिच्या जिभेवर असतो. आणि पुढे ज्यांच्या नावाचं थिएटर डेक्कनला उभं आहे त्या बालगंधर्वांना स्त्रीवेषात कुणी हसत नव्हतं. घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला बघत. म्हणजे आपल्या प्रेक्षकाला दोन्ही येतं, त्याला काय करायला सांगायचं हे नाटक ठरवतं. बंटीला नाटकातली सगळ्यात तल्लख बुद्धी द्या. घरात किती थापा झाल्या आणि कुणाला कुठली सांगितली, याचा हिशेब फक्त त्याच्याकडे असू दे.

तालमीत कुणीतरी सुचवणार की बंटीने साडी नेसून पळून गेलेली मावशी म्हणून यावं. नक्की सुचवणार, मराठी फार्सला मावशा नव्या नाहीत. अत्र्यांची 'मोरूची मावशी' तर इंग्रजी फार्सवरून येऊन इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. माझं मत: करू नका. मावशी कधीच येऊ नये. ती येईल येईल म्हणून घर जितकं हादरेल तितकं ती आल्यावर हादरणार नाही. आणि दुसऱ्या अंकात टाळी वाजवत येणारा तो तृतीयपंथी पाहुणा, एका हशासाठी आणलेला, तो आजच काढा. त्याला ना थाप आहे, ना गरज, ना पुढचा प्रवेश.

'डेट'साठी आलेला मुलगा मात्र तुमच्या नाटकातलं सोनं आहे आणि तुम्ही त्याला बाथरूममध्ये कोंडून ठेवलंय. तो एकटाच असा आहे की ज्याला कुणापासून काही लपवायचं नाही. त्याला बाहेर काढा, आईच्या समोर बसवा. आई त्याला पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेला समजते. "पहिल्यांदाच येताय?" "हो, अ‍ॅपवरून." "आम्हीही हल्ली सगळ्यांना अ‍ॅपवरूनच बोलावतो. आधीचा आलेला काही कामाचा नव्हता." तो प्रत्येक वाक्य खरं बोलतो आणि प्रत्येक वाक्य चुकीचं ऐकलं जातं. इथे द्व्यर्थी विनोदाचा झरा फुटेल, तुम्हाला आवरणार नाही. एकच ठेवा. दोन ठेवलेत तर आईचा भोळेपणा नकली वाटेल आणि तिसऱ्याला तर लोक लेखकाकडे बघतील.

फोन हातात असताना गैरसमज टिकतोच कसा, हा तुमचा उपप्रश्न. 'रेंज नाही' चालणार नाही, कोथरूडला नसायला काय झालं. 'बॅटरी संपली'ही नको. फोन चालू असू दे, पण आईच्या हातात. ती त्यावरून अमेरिकेतल्या दिरांशी व्हिडिओ कॉलवर बोलतेय, चष्मा साताऱ्याला राहिलाय, आणि वरून समीरचे मेसेज टपकतायत. आई ते मोठ्याने, चुकीचे वाचते. मेसेज मागच्या पडद्यावर प्रोजेक्टरने दाखवायची तुमची कल्पना सोडा. प्रेक्षक नटाच्या आधी वाचून मोकळा होतो आणि नट त्याच्या मागे धावत राहतो.

आता उभं राहिल्यावर नाटक का पडतं ते. तुम्ही फोटोत दाखवलंय की तालमीत दारांच्या जागी दोन-दोन खुर्च्या ठेवल्यात. फार्सला पहिल्या दिवसापासून खरं दार लागतं. चौकट, बिजागरी, कडी, आणि बंद होताना होणारा आवाज. नटाचं टायमिंग शरीरात बसतं आणि शरीराला खुर्चीतून जाण्याची सवय लागली की रंगीत तालमीला दार आल्यावर प्रत्येक एन्ट्री एका सेकंदाने चुकते. तीन दारं पुष्कळ झाली: बाहेरचं, आतल्या खोलीचं, बाथरूमचं. बिजागरी रंगमंचाच्या मागच्या बाजूला आणि पल्ला विंगेकडे उघडणारा, म्हणजे येणारा नट दाराआड झाकला जात नाही. नेपथ्यातल्या कापडी भिंतीला, म्हणजे फ्लॅटला, मागून तिरके टेकू द्या, नाहीतर दार आपटलं की अख्खी भिंत थरथरते आणि प्रेक्षक भूकंपाला हसतो. एकदा एका नाट्यगृहात आमचं बाहेरचं दार ऐन प्रयोगात फुगून अडकलं. आई बाहेर, मुलगा आत, आणि दोघं बंद दाराला धरून तीन मिनिटं काहीबाही बोलत होते. सबंध प्रयोगातला सगळ्यात मोठा हशा. पुढच्या प्रयोगाला मी ते संहितेत घातलं, तर कुणीही हसलं नाही. यातून काय शिकायचं ते मला अजून कळलेलं नाही.

वेगाबद्दलही तुमचा घोटाळा होतोय. तुम्ही भरभर बोलताय. वेग म्हणजे प्रश्न आणि थाप यांच्यामधलं अंतर. त्या अंतरात नटाला सुचताना दिसलं पाहिजे, मग शब्द सावकाश आले तरी चालतात. आणि जागेप्रमाणे हिशेब बदलतो. सुदर्शन रंगमंचाच्या छोट्या जागेत प्रेक्षक मांडीला मांडी लावून असतो, तिथे भुवई पुरते. भरत नाट्य मंदिरात तीच भुवई अर्ध्यावर विरते. बालगंधर्वला हशा पुढून मागे जाऊन परत येतो, तो उतरायला लागला की पुढचं वाक्य टाका. पूर्ण थांबू दिलात तर गाडी पुन्हा पहिल्या गिअरवर. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी संहिता वेळेत पाठवा. तालमीत संवाद रोज बदलणार, म्हणून आधी संहिता गोठवा.

"आता कायदा बदलला, मग ही मुलं लपवतात कशाला?" असं पहिल्याच प्रयोगानंतर कुणीतरी विचारेल. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ च्या कचाट्यातून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध सोडवले, हे खरं. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं नाकारलं, हेही खरं. म्हणजे गुन्हा नाही आणि नातंही नाही. भाडेकराराच्या कागदावर या दोघांना लिहायला शब्द नाही, म्हणून 'मावसभाऊ'. नाटकात हे भाषण म्हणून नको. ओंकार करारावरचा 'नाते' हा रकाना बघत पेन हातात धरून बसलेला दिसला, एवढं पुरे.

राहिला शेवट. तुम्ही ओंकारला दीड पानाचं स्वगत दिलंय आणि आईला रडवून मिठी मारायला लावलीय. वाचनाला तिथे शांतता पसरली असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. मला ती हिशेब चुकता करणारी शांतता वाटते. दारामागून कुणी अचानक पाहिलं आणि सगळं फुटलं, असंही नको. बाकी सगळं दारं फोडतील. हे एक वाक्य ओंकारने स्वतः, आईकडे बघून बोलावं, आणि ते लहान असावं. "आई, ती व्यक्ती समीर आहे." आई काही बोलायच्या आत बेल वाजू दे.

दारात जोशीकाका. सकाळपासून त्यांच्या डोक्यात हिशेब जुळत नाहीये, आणि आता ते थेट आईलाच विचारतात, "वहिनी, एकदा स्पष्ट सांगा, हा समीर तुमचा कोण?" सगळ्यांच्या थापा संपल्यात. बंटीकडेही काही उरलेलं नाही. आई समीरकडे बघते, ओंकारकडे बघत नाही. म्हणते, "माझ्या बहिणीचा." जोशीकाका विचारतात, "थोरल्या की धाकट्या?" आई एक क्षण विचार करते. तो विचार दिसला पाहिजे. दिवसभर मुलाने जसा केला, अगदी तसाच. "धाकट्या," ती म्हणते, आणि चिवड्याची बशी समीरच्या पुढे सरकवते. हशा 'धाकट्या'वर येईल. तो उतरेपर्यंत ओंकारच्या नटाने आईकडे बघायचं नाही.